जातिलुविह: पाण्याच्या वाटणीवर उभं असलेलं बालीतलं भातगाव

जातिलुविह हे इंडोनेशियातल्या बाली बेटावरचं भातशेतीचं गाव. जिल्हा ताबानान, तालुका पेनेबेल. बातुकारु हा 2,276 मीटर उंचीचा ज्वालामुखी, त्याच्या दक्षिण उतारावर समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर हे गाव वसलं आहे. 2012 मध्ये युनेस्कोने बालीतल्या 5 ठिकाणांना मिळून जागतिक वारसा जाहीर केलं. ते क्षेत्र सुमारे 19,500 हेक्टरचं आहे आणि जातिलुविहची पायऱ्यापायऱ्यांची खाचरं त्यात येतात. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीतही त्याचं नाव घातलं. तेव्हापासून दोन प्रकारची माणसं या गावाची चौकशी जास्त करू लागली: खाचरं बघायला येणारे आणि इथे पैसे गुंतवू पाहणारे.

दोघांच्याही हातात बहुतेक वेळा चुकीचा नकाशा असतो. ते गाव बघतात, प्लॉट बघतात, रस्ता बघतात. जातिलुविहमध्ये आधी पाणी बघावं लागतं. कुठलंही खाचर इथे एकटं नाही. वरच्या खाचराचं पाणी त्यातून खालच्या खाचरात जातं, आणि ते कधी, किती जायचं हे ठरवणारी संस्था आहे सुबाक. बालीतल्या अकराव्या शतकातल्या शिलालेख-ताम्रपटांत या व्यवस्थेचे उल्लेख सापडतात, आणि आजही ती कागदापेक्षा बांधावरच जास्त चालते.

सुबाक म्हणजे नेमकं काय

एका बंधाऱ्यावर किंवा एका मुख्य पाटावर ज्यांची ज्यांची भातखाचरं भिजतात, त्या सगळ्या शेतकऱ्यांची संघटना म्हणजे सुबाक. तिची हद्द पाण्याने ठरते, गावाच्या शिवेने नाही. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याची दोन खाचरं दोन वेगळ्या सुबाकांत असू शकतात आणि त्याला दोन्हीकडे वर्गणी, श्रमदान आणि बैठक चुकत नाही. सुबाकाच्या प्रमुखाला पेकासेह म्हणतात, त्याला सभासद निवडतात. सुबाक मोठा असला की त्याचे तेम्पेक पडतात, म्हणजे पोटपाटावरचे गट. जातिलुविहचा सुबाक सुमारे 300 हेक्टरचा आहे आणि त्याचे 7 तेम्पेक आहेत. बहुतेकांची जमीन अर्ध्या हेक्टरच्या आसपास किंवा त्याहून कमी. बरेच जण दुसऱ्याची जमीन अर्धलीने कसतात, त्याला तिथे नान्दु म्हणतात: पीक निम्मं मालकाचं, निम्मं कसणाऱ्याचं.

सुबाकाचे नियम लिहिलेले असतात, त्यांना आविग-आविग म्हणतात. पाट साफ करायला कधी यायचं, न आल्यास दंड किती, पाणी चोरलं तर काय, जनावर दुसऱ्याच्या भातात गेलं तर काय, हे सगळं त्यात असतं. ज्याला श्रमदानाला येणं जमत नाही तो ठरलेली रक्कम भरतो. धुळे-नाशिककडच्या पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे परकं वाटणार नाही: तिथेही बंधारा एक, पाट एक, फडात एक पीक आणि पाणी सोडायला पाटकरी. फरक एवढाच की बालीत प्रत्येक टप्प्यावर देऊळही आहे. बंधाऱ्याजवळ देऊळ, पाट फुटतो तिथे देऊळ, आणि खाचरात पाणी शिरतं त्या कोपऱ्यात भाताची देवता असलेल्या देवी श्रीचं छोटं स्थान. सगळ्यात वर बातुकारुच्या जंगलात पुरा लुहुर बातुकारु हे मोठं मंदिर. माणूस आणि देव, माणूस आणि माणूस, माणूस आणि निसर्ग या तीन नात्यांचा मेळ, ज्याला ते त्रि हिता करण म्हणतात, तो युनेस्कोच्या नोंदीच्या शीर्षकातच आहे.

पाणी वाटतात कसं

ही सगळी व्यवस्था ज्याच्यावर टिकून आहे ती वस्तू दिसायला अगदी साधी आहे. डोंगरातून येणारा ओढा अडवणारा बंधारा म्हणजे एम्पेलान. तिथून निघणारा पाट म्हणजे तेलाबाह. मध्ये टेकडी आली तर हाताने खोदलेला बोगदा, आउंगान. आणि पाट जिथे फुटतो तिथे आडवा टाकलेला ओंडका किंवा काँक्रीटचा उंबरा, त्याचं नाव तेम्बुकु.

तेम्बुकुच्या उंबऱ्यावर खाचा पाडलेल्या असतात. सगळ्या खाचांचा तळ एकाच पातळीत, रुंदी मात्र वेगवेगळी. रुंदी मोजायचं एकक तेकतेक. कुणाच्या वाट्याला किती तेकतेक, ते जमिनीच्या प्रमाणात ठरलेलं असतं. समजा एका तेम्बुकुला 4, 2 आणि 1 तेकतेकच्या तीन खाचा आहेत आणि पाटातून सेकंदाला 70 लिटर पाणी येतंय. तर वाटणी होईल 40, 20 आणि 10 लिटर. कोरड्या दिवसांत पाणी निम्म्यावर आलं तर 20, 10 आणि 5. झडप नाही, मीटर नाही, रात्रीचा पहारेकरी नाही. पाणी वाढलं तर सगळ्यांचं वाढतं, घटलं तर सगळ्यांचं त्याच प्रमाणात घटतं. आणि वाटणी बरोबर आहे का हे येणारा-जाणारा कुणीही उभ्या उभ्या बघू शकतो. या व्यवस्थेवरचा विश्वास टिकला आहे तो या उघडेपणामुळे, असं आम्हाला वाटतं.

बिघाड होतो तो बारीकसारीक गोष्टींनी. अरुंद खाचेत पान किंवा काटकी अडकली की तिचं पाणी मोठ्या खाचेपेक्षा जास्त प्रमाणात कमी होतं, म्हणून लहान वाटा असणारा शेतकरी रोज सकाळी आधी तेम्बुकुकडे जातो. उंबऱ्याची एक बाजू बोटभर जरी खचली तरी त्या बाजूला पाणी जास्त ओढलं जातं. पाटात गाळ साचून पाणी तिरकं आलं तर समोरच्या खाचेचा फायदा होतो. खालच्या अंगाला कुणी माती टाकून पाणी तुंबवलं की खाचेतून पडणारी धार बुडते आणि मोजमाप खोटं ठरतं. खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली की वाट्याला आलेलं पाणी शेतात न राहता शेजारी झिरपतं. शेवटच्या टोकाची खाचरं झिरपा सोसून बसलेली असतात, म्हणून त्यांना खाचेत थोडी जास्त रुंदी देण्याची सवलत बैठकीत ठरते. सगळ्यात महाग दुरुस्ती बोगदा ढासळल्याची किंवा दरड कोसळून पाट तुटल्याची. तेव्हा पूर्ण सुबाक कामाला लागतो, कारण पाणी तिथेच थांबलं तर खालचं एकही खाचर लावता येत नाही.

सगळे एकदम का लावतात

भातशेतीत सगळ्यात जास्त पाणी लागतं ते चिखलणीला. एक हेक्टर चिखल करायला जमिनीत साधारण 15 ते 25 सेंटीमीटर पाणी भरावं लागतं, म्हणजे 15 ते 25 लाख लिटर. सगळ्यांनी एकाच आठवड्यात चिखलणी काढली तर पाट पुरणार नाही. मग पुढेमागे का लावत नाहीत? कारण कीड.

तपकिरी तुडतुडा, हिरवा तुडतुडा, उंदीर यांना वर्षभर कुठे ना कुठे हिरवं भात मिळालं तर ती एका खाचरातून दुसऱ्यात सरकत राहतात. हिरवा तुडतुडा टुंग्रो नावाचा विषाणूही पसरवतो. पण मोठ्या सलग पट्ट्यात एकाच वेळी कापणी झाली, रान रिकामं पडलं, त्यात पाणी भरलं आणि बदकं सोडली, तर किडीला खायला उरत नाही आणि तिची साखळी तुटते. पट्टा लहान असेल तर शेजारच्या हिरव्या रानातून कीड परत येते.

म्हणजे पाणी सांगतं पुढेमागे लावा, कीड सांगते एकदम लावा. बालीतल्या शेतकऱ्यांनी यातून काढलेली वाट अशी: एका गटातले सगळे सुबाक एकदम लावतात, आणि शेजारचा गट काही आठवडे मागे राहतो. कुणी आधी, कुणी मागून हे पाण्याच्या देवळांत जमून ठरतं. यात वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याचं का ऐकतो, हा चांगला प्रश्न आहे. पाणी तर आधी त्याच्याकडे येतं. पण खालच्याला पाणी मिळालं नाही तर तो उशिरा लावेल, त्याचं भात उशिरापर्यंत हिरवं राहील आणि कीड वर चढेल. खालच्याला पाण्याची धास्ती, वरच्याला किडीची, म्हणून दोघांचं जमतं.

हे मोडलं तर काय होतं ते 1970 च्या दशकात दिसलं. सरकारने नवीन, लवकर तयार होणारी बियाणी, खतं आणि कर्ज दिलं आणि जमेल तितकी पिकं घ्यायला सांगितलं. वेळापत्रक सुटलं. आधी उत्पन्न वाढलं, मग पाण्याची मारामारी झाली आणि तुडतुड्याचे व टुंग्रोचे उद्रेक आले. फवारणीने तुडतुड्याचे नैसर्गिक शत्रू मेले आणि तो जास्तच माजला. देशभर हाच अनुभव आल्यावर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी आली. पुढे मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांमधल्या 172 सुबाकांचं संगणकावर प्रतिरूप केलं आणि 1993 मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रत्येकाने आपापलं ठरवलं तर कीड वाढते, सगळ्यांनी एकदम केलं तर पाणी तुटतं. सर्वांत चांगलं उत्पन्न येतं ते देवळांनी जोडलेल्या मधल्या आकाराच्या गटांमध्ये. जुनं वेळापत्रक नुसती श्रद्धा नव्हतं, हे त्यातून आकड्यांनी दिसलं.

लाल भात आणि वर्षाचा फेरा

जातिलुविहची ओळख तिथल्या लाल तांदळाने आहे. ही उंच वाढणारी देशी जात, पेरणीपासून कापणीपर्यंत साधारण साडेपाच-सहा महिने घेते. जानेवारीच्या सुमारास लावणी, मार्च-एप्रिलला डोंगरभर हिरवं, जूनमध्ये पिवळं, जूनअखेर ते जुलै कापणी. नंतर थोडे दिवस रान मोकळं, आणि वर्षाच्या उत्तरार्धात कमी दिवसांचा पांढरा भात. तारखा दरवर्षी पंधरा-वीस दिवस मागेपुढे होतात.

देशी जातीचं धाट उंच आणि बारीक असतं. युरिया जास्त झाला की पीक जोमाने वाढतं आणि लोंब्या भरल्यावर पाऊस-वाऱ्यात लोळतं. लोळलेलं भात कापायला दुप्पट वेळ आणि दाणा डागाळतो. म्हणून इथे शेण, पेंढा आणि बदकांची विष्ठा यांवर भर ठेवणारे शेतकरी भाबडे नाहीत, त्यांचा हिशेब पक्का आहे. शिवाय ज्वालामुखीच्या मातीतून वाहत येणाऱ्या पाण्यात स्फुरद आणि पालाश आधीच असतं. वरून टाकलेलं बरंचसं वाहून जातं.

दाण्याचा लाल रंग कोंड्याच्या थरात असतो. गिरणीत नेहमीसारखी पॉलिश केली तर रंगही जातो आणि भावही. म्हणून फक्त टरफल काढतात. पण कोंडा ठेवला की त्यातलं तेलही राहतं, आणि दमट हवेत काही आठवड्यांत ते खवट होतं. त्यामुळे व्यवहाराचा नियम सोपा आहे: साठा टरफलासकट भाताच्या रूपात करायचा, टरफल काढायचं ते मागणीपुरतं, आणि पाकीट हवाबंद. भाताची ओल 14 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय साठवायचं नाही. पूर्वी लोंब्यांच्या पेंढ्या बांधून उंच खांबांवरच्या कोठारात, जिनेंगमध्ये, ठेवत. आजही अंगणात ही कोठारं दिसतात, पण बरीच आता खोल्या म्हणून भाड्याने जातात. भाजलेल्या लाल तांदळाचा चहा गावात सगळीकडे मिळतो. पाहुण्यांनी घरी न्यायला तांदळापेक्षा तो सोयीचा, टिकतोही जास्त.

गावात कुणाला काय विचारायचं

बाहेरून येणाऱ्याचा गोंधळ इथे हमखास होतो, कारण एकाच जागेवर तीन कारभार आहेत. सरकारी गावाचा प्रमुख पर्बेकेल: दाखले, ग्रामनिधी, गावाची स्वतःची कंपनी हे त्याच्याकडे. परंपरेच्या गावाचा प्रमुख बेन्देसा: देवळं, स्मशान, सण, बाहेरच्या माणसाने तिथे राहण्याच्या अटी त्याच्याकडे. आणि पाण्याचा प्रमुख पेकासेह. एकाने हो म्हटलं म्हणजे बाकीच्यांनी म्हटलं असं नाही. पर्बेकेलची सही असलेल्या कामाला सुबाकाने हरकत घेतली आणि काम थांबलं, तर चूक सुबाकाची नसते. त्याखेरीज पर्यटनाचं तिकीट आणि वाहनतळ बघणारं वेगळं व्यवस्थापन आहे. त्यातलं उत्पन्न जिल्हा प्रशासन, परंपरेची गावं आणि सुबाक यांच्यात वाटलं जातं. शेतकऱ्याच्या हाती त्यातलं किती येतं, हा गावातला जुना आणि रास्त प्रश्न आहे.

बघायला जाणाऱ्यांसाठी

बालीची राजधानी देनपासारहून अंतर 45-50 किलोमीटर, गाडीने दीड ते दोन तास. सार्वजनिक वाहन थेट जात नाही. भाड्याची गाडी चालकासकट घेणं बरं, कारण शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. भारतीय पासपोर्टवर आगमनाच्या वेळचा व्हिसा मिळतो, 30 दिवसांचा, एकदा वाढवता येतो. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून बालीत येणाऱ्या परदेशी व्यक्तीला 1,50,000 रुपिया पर्यटन कर भरावा लागतो. गावाच्या प्रवेशाचं तिकीट वेगळं. नोव्हेंबर ते मार्च दुपारनंतर पाऊस गाठतो, म्हणून सकाळी आठच्या आत पोचावं.

चालण्याच्या वाटा लांबीनुसार खुणा करून आखलेल्या आहेत. त्या सोडून बांधावर चढू नये. बांध ही भिंत आहे, पाणी धरणारी. चार-पाच जणांच्या गटाने ओल्या बांधाची कड तुडवली की तिथून पाणी फुटतं आणि एका रात्रीत खाचर कोरडं होतं. डोक्यावर ओझं घेतलेली व्यक्ती समोरून आली तर आपण बाजूला व्हायचं. तेम्बुकुवर पाय ठेवायचा नाही, त्यात खेळायचं नाही, कचरा तर नाहीच.

देवळात जाताना कमरेला सारोंग आणि पट्टा लागतो. घरात नुकताच मृत्यू झालेला असेल किंवा पाळी चालू असेल तर आत येऊ नये, अशा पाट्या असतात. सुतक पाळणाऱ्या घरांतल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. कुणाला पटो न पटो, त्या आवारात त्यांचा नियम चालतो. बहुतेक देवळांचे मोठे सोहळे 210 दिवसांच्या पंचांगाने येतात, म्हणून तारखा दरवर्षी बदलतात. मार्चच्या आसपास येणाऱ्या न्येपीच्या, म्हणजे मौन पाळायच्या बाली नववर्षाच्या दिवशी तर पूर्ण बेट 24 तास बंद असतं, विमानतळासकट.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भाजीवरच्या चटणीत, म्हणजे सांबालमध्ये, बहुधा तेरासी असते, ती कोळंबीची असते. "तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी" असं तिन्ही सांगावं: मांस नको, मासे नकोत, तेरासी नको. नुसतं "शाकाहारी" म्हटलं तर तेरासी राहून जाते. लाल भात, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू आणि खोबरं घातलेली पालेभाजी यांत जेवण व्यवस्थित होतं.

पैसे गुंतवणाऱ्यांसाठी: जमीन

बालीत जमीन आरमध्ये मोजतात, 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर. आपल्या सातबाऱ्यावरचा आर तोच, आणि एक गुंठा जवळपास तेवढाच. भाडं प्रति आर प्रति वर्ष सांगतात. पण मोजमाप ओळखीचं म्हणून कायदा ओळखीचा नाही.

1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, हाक मिलिक, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाच्या नावावर ती वळवण्याचा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. तिथल्या एखाद्या ओळखीच्या नावावर घेऊन आतून करार करायचा, ही सुचवली जाणारी वाट म्हणजे विहिरीत उडी आहे. वाद झाला तर तो आतला करारच तुमच्या विरुद्ध पुरावा होतो. शेतजमिनीवर आणखी एक बंधन आहे: 1961 च्या नियमानुसार मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा असावा लागतो.

परदेशी भांडवलाच्या कंपनीला बांधकामाचा हक्क, हाक गुना बांगुनान, मिळू शकतो: 30 वर्षं, 20 ची वाढ, पुन्हा 30 चं नूतनीकरण. पण अशी कंपनी काढायला जमीन-इमारत वगळून 10 अब्ज रुपियांपेक्षा जास्त गुंतवणुकीची योजना दाखवावी लागते, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर. भरणा भांडवलाची किमान रक्कम 2025 मध्ये 2.5 अब्जांवर आणली, योजनेची अट मात्र तशीच आहे. लहान उद्योग आणि घरगुती पाहुणघर हे स्थानिकांसाठी राखीव आहेत. चार खोल्यांचं होमस्टे परदेशी कंपनीच्या नावाने काढता येत नाही.

हे सगळं जमलं तरी जातिलुविहच्या खाचरात बांधता येतं का? बहुतेक ठिकाणी नाही. वारसा क्षेत्र, जिल्ह्याचा विकास आराखडा, अन्नपिकांच्या जमिनी टिकवण्यासाठीचा 2009 चा कायदा आणि केंद्राने आखलेला संरक्षित भातजमिनींचा नकाशा, हे चार थर एकावर एक आहेत. एका थराने परवानगी दिली आणि दुसऱ्याने नाकारली तर उत्तर नाही असंच धरावं. आता ऑनलाइन नोंदणी क्रमांक काही मिनिटांत मिळतो आणि लोक त्यालाच परवाना समजतात. तो नुसता नोंदणी क्रमांक आहे. त्यानंतर जमीन-वापराची सुसंगती, मग इमारत मंजुरी, मग वापरयोग्यतेचा दाखला लागतो. 2025 च्या अखेरीस प्रांतिक अधिकाऱ्यांनी इथल्या डझनभर पर्यटन-बांधकामांना सील लावलं. त्यावर चिडलेल्या काही शेतकऱ्यांनी निषेध म्हणून आपल्याच खाचरांत पत्रे उभे केले, कारण त्यांतली काही दुकानं-खाणावळी गावकऱ्यांचीच होती. गुंतवणूकदाराने हा प्रसंग नीट समजून घ्यावा: इथे कायदा कधी झोपतो, पण कधी उठेल सांगता येत नाही.

भाडेपट्टा घ्यायचाच असेल तर गावठाणातल्या, घराच्या आवारातल्या जागेचा घ्यावा. मूळ प्रमाणपत्र जमीन कार्यालयात ताडून पाहावं. जमीन कुटुंबाची सामाईक आहे का, देवळाच्या नावची आहे का, हे बेन्देसाकडे विचारावं, कारण देवळाची जमीन विकता येत नाही. मालकासोबत जोडीदाराची आणि सज्ञान वारसांची सही घ्यावी. "मुदत संपल्यावर वाढवून देऊ" हे वाक्य दर ठरल्याशिवाय करारात असून नसल्यासारखं.

एका खाचरावर बंगला उभा राहिला की काय होतं ते बाहेरून दिसत नाही. पाया घालताना पोटपाट वळवला जातो, म्हणजे खालच्यांची धार बदलते. सांडपाणी पाटात येतं. बंगल्याचा मालक पाट साफ करायला येत नाही, म्हणजे तेवढीच लांबी कमी हातांनी साफ करायची. शेजारच्या जमिनींचं सरकारी मूल्य वाढतं आणि त्यावरचा करही, भात मात्र तेवढंच पिकतं. मग शेजारी विकायच्या विचाराला लागतो. चार-सहा खाचरं अशी गेली की तेम्पेकचं एकत्र लावणीचं गणित विस्कटतं. ज्या दृश्यासाठी बंगला बांधला तेच त्याच्या पायाने खचतं.

पैसा उपयोगी पडेल अशा जागा

गावात कमतरता खोल्यांची नाही, कापणीनंतरच्या सोयींची आहे. कापणी जून-जुलैत एकाच वेळी होते, आणि डोंगरावर दुपारी ढग उतरतात. रस्त्यावर ताडपत्रीवर वाळवलेलं भात पुन्हा भिजलं की दाणा तुटतो, बुरशी येते. गावाच्या कंपनीच्या किंवा सहकारी संस्थेच्या भागीदारीत लहान वाळवणी यंत्र, टरफल काढणारी रबर-रोलरची गिरणी आणि हवाबंद पाकिटांची सोय केली तर लाल तांदळाचा भाव शेतकऱ्याच्या अंगणातच वाढतो. यंत्र घेताना क्षमता वर्षाच्या सरासरीवर काढू नये, कापणीच्या तीन-चार आठवड्यांच्या गर्दीवर काढावी. नाहीतर ऐन वेळी निम्मं भात पुन्हा रस्त्यावर येतं. रबर-रोलर झिजतात आणि दाणा सोलला न जाता निसटतो. सुटे रोलर ताबानानमध्ये मिळतात का हे यंत्र घेण्याआधी बघावं.

खरेदीचा करार करायचा तर तो एकट्या शेतकऱ्याशी नको, तेम्पेकशी करावा, आणि पेकासेहच्या समक्ष बैठकीत वाचून दाखवावा. दर ओलाव्याच्या टक्क्यावर ठरवावा आणि ओलावा मोजायचं यंत्र सगळ्यांसमोर ठेवावं. पैशाचा काही भाग लावणीच्या वेळी आगाऊ द्यावा, कारण शेतकऱ्याला मजुरी आणि नांगरणीचे पैसे तेव्हा लागतात आणि नेमके तेव्हाच व्यापारी पडत्या भावात पीक बांधून घेतात. खरेदीच्या रकमेतला ठरावीक वाटा सुबाकाच्या पाट-दुरुस्तीच्या निधीत जाईल, असं एक कलम घालावं. वर एखादा बोगदा ढासळला तर दुरुस्तीचा खर्च शेवटी तुमच्याच तांदळावर येणार आहे.